मकसूदभाईचा हात

लिंबागणेशला चतुर्थीला येणाऱ्या गाड्या असोत, नाहीतर नेकनूरकडून कापूस भरून नगरला निघालेल्या, गावाबाहेरच्या एका छपरापाशी त्या हमखास थांबत. छपराला रस्त्याच्या अंगानं गोणपाटाचा पडदा होता. गाडीवान बैल सोडायचा, पडद्यासमोर आणायचा आणि हाक द्यायचा, "मकसूदभाई, ओ मकसूदभाई!" मग पायांत दोर गुंतवून बैल पाडायचा, चारी पाय एकत्र बांधायचा आणि ते पडद्याखालून आत सरकवायचा. बैलाचं धड बाहेर, पाय आत. गाडीवान बैलाच्या मानेवर गुडघा देऊन बसला, की आतून हातोडीचा आवाज सुरू व्हायचा.

मकसूद तेव्हा बसऱ्याला होता. समुद्रापलीकडं, इंग्रजांच्या लढाईत, घोड्यांना नाल मारत. पडद्याआड होती ती त्याची बायको जाहेदा. हे गाडीवानांना ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं, मशिदीतल्या बुजुर्गांना ठाऊक होतं, आणि बैलांना तर होतंच होतं. पण कुणी तसं बोलायचं नाही, असं सगळ्यांनी मिळून, एकदाही एकत्र न बसता, ठरवून टाकलं होतं. आपल्याकडं असले ठराव फार झटपट होतात.

मकसूद काही हौसेनं गेला नव्हता. त्या साली पावसानं दगा दिला, कापूस वाळून गेला आणि गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. गाडीला जुंपलेला बैल बालाघाटाच्या खडकाळ वाटेनं चालला, तर त्याच्या खुराला लोखंडाच्या पातळ पत्र्या ठोकाव्या लागतात. दावणीला बांधलेल्या बैलाला पत्री काय करायची? नालबंदाच्या घरात चूल पेटेना झाली. तेव्हा नेकनूरचा बंकट गाडीवान म्हणाला, "मकसूदभाई, नगरच्या छावणीत घोड्याला नाल मारायला मानूस मिळंना झालाय. माझ्या गाडीवर चला. दोन पैसे गाठीला घेऊन माघारी या."

निजामाच्या मोगलाईची हद्द ओलांडून माणसं इंग्रजी मुलखात नगरला जात, मुंबईला जात, तशी परतही येत. मकसूदनं रांगत्या लेकीचा, रबियाचा, मुका घेतला, आईच्या पाया पडला, बायकोला म्हणाला, "महिन्यात येतो," आणि करोडगिरीच्या जकातनाक्यापलीकडं निघून गेला. महिन्यानं बंकटची गाडी आली. गाडीत मीठ होतं, घासलेट होतं, मकसूद नव्हता.

"त्येला मुंबईला नेला, आमिनामाय," बंकट खाली मान घालून म्हणाला. "तितून आगबोटीत घातला. बसरा का काय म्हनत्यात. घोडे गेले तसे नालबंदबी गेले."

आमिनाबी म्हणजे मकसूदची आई. अंगानं मूठभर, जिभेनं मणभर. ती म्हणाली, "बसऱ्याची खजूर लई चांगली ऱ्हाती म्हनं." आणि आत जाऊन ज्वारीच्या कणगीमागं बसून रडली.

पुढच्या साली पाऊस झाला. कापूस फुटला, गाड्या निघाल्या आणि सवयीनं छपरापाशी येऊन थांबल्या. छपरात ऐरण होती, हातोडी होती, माणूस नव्हता. गाडीवान चकचक करत पुढं जायचे. चार दिवस आमिनाबीनं ते बघितलं. पाचव्या दिवशी तिनं दोन जुनी पोती उसवली, दाभणानं एकमेकांना जोडली आणि सुनेला हाक मारली.

"पत्र्या कोन कापतं?"

"मी," जाहेदा म्हणाली.

"भाता कोन मारतं? खिळ्याला टोक कोन काढतं?"

"मीच की अम्मा."

"मग ठोकायचंच काय राहिलं? खुराला काय कळतंय, बाई हाय का बापय?"

जाहेदा घाबरली, तशी हसलीही. लग्न होऊन आल्यापासून ती नवऱ्याच्या शेजारी बसून भाता मारत होती. त्याचं मनगट कुठं वळतं, खिळा कुठल्या अंगानं निघाला की तो मान हलवतो, हे तिला पाठ होतं. पण बघणं वेगळं आणि श्वास घेणाऱ्या बैलाच्या खुरात लोखंड घालणं वेगळं. बैलाचं नख पातळ. खिळा कडेकडेनं, निसटता, आडवा घालायचा. जरा आत गेला की जिव्हारी लागतो, आणि मग तो बैल त्या हंगामाला गेला म्हणून समजायचं. पहिल्या बैलाच्या वेळी आमिनाबीनं पाठीमागून तिची दोन्ही कोपरं धरून ठेवली होती.

बैल न लंगडता नगरला जाऊन आला. मग दुसरा आला. मग रांग लागली.

परक्या पुरुषाशी बोलायचं नाही, म्हणून जाहेदा हातोडीनं बोलायची. ऐरणीवर एक ठोका म्हणजे दोर आवळा. दोन ठोके म्हणजे झालं, उठवा बैल. मजुरी आमिनाबी घ्यायची. जाहेदाला माणसाचं तोंड कधी दिसायचं नाही. ती बैलांना खुरांवरून ओळखायची आणि गाडीवानांना खोकल्यावरून. बंकट तर आपल्या बैलाला पाडून पडद्याबाहेर बसला, की मकसूदभाई समोरच बसलेत अशा थाटात गप्पा मारायचा. करोडगिरीवाला यंदा कसा छळतोय, नगरला आगगाडीचं इंजिन कसं भुसभुसतं, बायकोचं माहेर कसं कटकट्या माणसांचं आहे. सगळं 'मकसूदभाई, मकसूदभाई' करत. आत जाहेदा कधी हसायची, कधी वैतागायची. पण त्यानं एकदाही चुकून 'भाभी' म्हटलं नाही. त्यातच मर्यादा आहे असं त्याला वाटत असावं, आणि तो काही वाईट माणूस नव्हता.

आता गंमत अशी, की बाईनं बाप्याचं काम उचललं, तर तिचं काम दुसरं कुणी उचलत नाही. पहाटे दळण होतंच. आडाचं पाणी होतं. भाकरी थापून, सासूला आणि पोरीला घालून जाहेदा पडद्याआड बसायची, ती दिवस मावळेपर्यंत. उठली की पुन्हा चूल. डाव्या अंगठ्याचं नख हातोडी बसून बसून काळं पडलं, ते कायमचं. उजवा खांदा थंडीत असा धरायचा, की रबियाच्या वेण्या घालायला हात वर जायचा नाही. पोरगी डोक्याचं घरटं घेऊन गावभर हिंडायची आणि बायका म्हणायच्या, "आईला वेळच न्हाई गं लेकराकडं बघायला." म्हणणाऱ्या बायकांच्या घरची बैलं मात्र जाहेदाच्या पत्र्यांवर चालत होती.

तिला एकच ध्यास लागला होता. मकसूद आला की आपण बसायचं. ऐरणीपाशी नाही, चुलीपाशी. पाय पसरून, भिंतीला पाठ टेकून, कुणाचा बैल नाही, कुणाची हाक नाही. आमिनाबी नमाजानंतर मुलाच्या जिवाची दुआ मागायची. जाहेदाही तीच मागायची, पण खरं सांगायचं तर त्या दुआत तिचा स्वतःचा खांदाही असायचा. त्याची तिला शरम वाटायची. मला विचाराल तर शरमेसारखं त्यात काही नव्हतं.

लढाई संपली म्हणून गाडीवान सांगत आले, त्यानंतरही दोन दिवाळ्या गेल्या, आणि मग एका दुपारी मकसूद आला. अंगात खाकी कोट, पाठीवर वळकटी, हातात खजुराचा करंडा. दाढीत पांढरे केस. रबियानं त्याला बघितलं आणि आजीला जाऊन सांगितलं, "कुणीतरी शिपाई आलाय." आमिनाबीनं शिपायाचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि सोडलंच नाही. जाहेदा खांबाआड उभी होती. तिच्या हातात अजून हातोडी होती. मकसूदची नजर तिच्या हातावर गेली, मग काळ्या अंगठ्यावर, आणि तो खाली बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पहिलं काम केलं ते पडदा काढायचं. झटकून, धुऊन घडी घालून ठेवला. मकसूद उघड्या छपरात ऐरणीपुढं बसला. जाहेदा चुलीपाशी बसली. दिवसभर ती काहीबाही करत राहिली, पण बसून. तिनं पीठ सावकाश चाळलं. रबियाच्या डोक्याला तेल लावलं. बाहेर हातोडी वाजत होती आणि ती आपली नव्हती, यातच तिला इतकं सुख होतं, की भाकरी करपली तरी ती हसत होती.

पहिला बैल बंकटचाच होता. "मकसूदभाई, आता हाक मारली की ओ द्यायला मानूस आला!" असं म्हणून त्यानं मकसूदला मिठी मारली. पत्र्या ठोकून झाल्या, गाडी नगरच्या वाटेला लागली. तिसऱ्या दिवशी बंकट चालत परत आला. गाडी घाटात ठेवून, बैलाला पुढं घालून. बैल पुढचा उजवा पाय टेकवत नव्हता.

मकसूदनं खूर हातात घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. जाहेदा दारातून बघत होती. तिला लांबूनच कळलं. खिळा उभा गेला होता, वर, घोड्याच्या खुरात जातो तसा. घोड्याचा खूर जाड, अखंड. त्यात खिळा धीटपणे वर चढवतात. सहा वर्षं मकसूदनं दिवसाला किती घोडी नि खेचरं केली असतील, अल्लाला ठाऊक. त्याच्या मनगटानं बैलाची चाल टाकून घोड्याची उचलली होती, आणि त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

बंकट ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. बैलाच्या पाठीवर हात ठेवून त्यानं छपराकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "मकसूदभाई, पडदा कावून काढला?"

बैल महिनाभर बसून राहिला. मकसूदनं आणखी दोन बैल केले. एक निभावला, एक लंगडला. गाडीवान यायचे, छपर उघडं बघून बैलांना पाणी पाजायचं निमित्त काढायचे आणि पुढं सरकायचे. जाहेदानं चामडं कमावणाऱ्यांकडून मेल्या बैलांचे खूर मागवले आणि भरदुपारी नवऱ्याला घेऊन बसली. "मनगट पाडा. अजून पाडा. खिळा निसटू द्या." तिला त्याला शिकवताना लाज वाटायची, त्याला शिकताना. तरी दोघं रोज बसत. मेल्या खुरात त्याचा हात बरोबर चालायचा. जिवंत बैल आला, त्यानं पाय झटकला, की मकसूद दचकायचा आणि मनगट आपोआप वर जायचं.

"तिकडं घोडं झटकलं की थांबायला वेळ नसायचा," तो एकदा म्हणाला. "गोळे पडायचे. पटापट ठोकायचं. आता हात माझं ऐकत न्हाई."

"ऐकंल. हळूहळू ऐकंल."

"न्हाई जाहेदा." त्यानं हातोडी खाली ठेवली. "मी नगरला जातो. तितं घोडे हायेत. माझा हात आता तिकडचा झालाय. पैसे धाडत जाईन."

जाहेदा जागची उठली. इतक्या वर्षांत तिनं नवऱ्यापुढं आवाज चढवला नव्हता. सासू ऐकेल, शेजार ऐकेल, काही तिच्या मनात आलं नाही.

"मी कशाची वाट बघत व्हते ठाव हाय तुमाला? मला बसायचं व्हतं. निस्तं बसायचं. खांदा वर जात न्हाई माझा. पोरीच्या वेन्या घालता येत न्हाईत मला. तुमी आलात, मी तीन दिवस बसले. तीनच दिवस!"

मकसूद गेला तरी हातोडी तिच्या हातात. राहिला तरी तिच्याच हातात. तिनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या कोटाचं एक बटण तुटलं होतं आणि त्या जागी त्यानं खिळा वाकवून अडकवला होता. त्या बटणापाशी तिचा राग अडला, आणि ती पुन्हा खाली बसली.

"दोन्हीकडून हातोडी मलाच हाय," ती म्हणाली. "मग तुमी तरी हितं ऱ्हावा."

आमिनाबीनं पडद्याची घडी आणून तिच्यापुढं टाकली. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं. मकसूद उठला, चुलीपाशी गेला आणि काटवटीत पीठ ओढून घेतलं.

"भाकरी मला येती," तो पाठमोराच म्हणाला. "तितं सगळ्या तुकडीची मीच करत व्हतो."

ती भाकरी जाड होती, पण कच्ची नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा कुणीतरी जाहेदाच्या ताटात गरम भाकरी टाकली. ती रडत रडत जेवली आणि जेवता जेवताच तिला झोप लागली.

असा तो संसार पुढं चालला. पडदा पुन्हा टांगला गेला; जाहेदा आत, मकसूद बाहेर असायचा. बैल पाडायचा, पाय बांधायचा, मान दाबून धरायचा, गाडीवानांशी बोलायचा. मधेच उठून डाळीला फोडणी द्यायचा. रबियाच्या वेण्याही तोच घालायचा आणि फार सुरेख घालायचा. खेचरांच्या शेपट्या गुंफून गुंफून त्याची बोटं तयार झाली होती. रबिया मैत्रिणींना ऐटीत सांगायची, की माझ्या वेण्या बसऱ्याच्या आहेत. आमिनाबी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचे पाय त्यानं दाबले, तिला पेज त्यानं पाजली. गाव हसलं. 'नालबंदीण आणि तिचा बावर्ची' असं पारावर म्हणत. मकसूदला ते लागायचं, पण चुलीपुढून तो उठला नाही. ह्याबद्दल त्याला मानलं पाहिजे. पारावरच्या हसणाऱ्यांतल्या एकाला तरी पेज करता येत होती का?

पण एक गोष्ट झाली ती मात्र व्हायला नको होती.

पडद्यापुढं आता खराखुरा मकसूदभाई होता. नवखे गाडीवान त्याच्याशी बोलत, त्याला बघत, पैसे त्याला देत. हातोडी आत वाजायची, पण आत कोण, हे विचारण्याची रीत नव्हती. आत घरातलं कुणीतरी मदतीला असेल, एवढंच ते धरून चालत. आणि जामखेडपर्यंत बोलबाला झाला, की लिंबागणेशच्या मकसूदभाईचा हात सोन्याचा आहे. त्याची पत्री दोन हंगाम हलत नाही. सुरुवातीला मकसूद म्हणायचा, "माझं काय न्हाई भाऊ, घरच्यांची मेहनत." हा लोकांना विनय वाटायचा. मग तो नुसता हसायला लागला. आणि एके दिवशी कुण्या दूरच्या गाडीवानानं विचारलं, "कुठं शिकलात भाई, असं काम?" आत जाहेदाचा खिळा अर्धा गेला होता. तिनं हात थांबवला.

"बसऱ्याला," मकसूद म्हणाला.

जाहेदानं खिळा पुरा केला, चारी खूर पुरे केले आणि दोन ठोके दिले. बैल उठला, गाडी गेली. मकसूद आत आला आणि तिचं तोंड बघून दारातच थांबला.

"बसऱ्याचं नाव घेतलंत?"

"मग काय सांगू?" त्याचा आवाज चिरकला. "बायको पत्री मारती म्हनून सांगू? सांगितलं तर गाड्या थांबतील हितं? मला लोक भाकरी थापताना बघत्यात, तेवढं पुरं न्हाई का?"

तो खोटं बोलला होता आणि खरं तेच म्हणत होता. जाहेदाला त्याचा राग आला, मग कीव आली, मग नुसता शीण आला. ती म्हणाली, "डाळीला मीठ जास्त पडलंय आज." आणि दोघांनी ती खारट डाळ गुमान खाल्ली.

त्यानंतर तो विषय निघाला नाही. आमिनाबी गेली. रबियाचं लग्न बीडला झालं. नगरच्या वाटेवर मोटारी दिसायला लागल्या, तरी बैल होतेच. जाहेदाचा खांदा आता उन्हाळ्यातही धरायचा. मकसूद रोज संध्याकाळी करडईचं तेल कोमट करून तिचा खांदा चोळायचा. तेव्हा ती डोळे मिटून बसायची आणि म्हणायची, "एखादा हंगाम झाला, की थांबू." तोही म्हणायचा, "थांबू." हे दोघं दरवर्षी म्हणत.

मकसूद गेला तो तापानं, एका आठवड्यात. शेवटच्या दिवशी त्याला वाटत होतं की आपण आगबोटीवर आहोत, आणि तो पुन्हापुन्हा विचारत होता, "हद्द आली का?" जाहेदा म्हणत होती, "आली. घरीच हाव आपन."

मग इद्दत सुरू झाली. नवरा गेला की बाईनं चार महिन्यांवर घरात बसायचं, परक्याच्या नजरेला पडायचं नाही. जाहेदा बसली. भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून. रबिया आली होती, तीच सगळं करत होती. पहिले काही दिवस जाहेदा नुसती झोपली. झोपेत तिची बोटं हलायची. मग खांद्याची कळ हळूहळू उतरत गेली, आणि इतक्या वर्षांनी तिचा हात डोक्याच्या वर गेला. मागितलेलं मिळालं होतं. ज्या वाटेनं मिळालं ती वाट तिनं मागितली नव्हती, आणि कधी कधी आपल्या मोकळ्या झालेल्या खांद्याचाच तिला राग यायचा.

बंकट मातीला आला होता. तोही आता म्हातारा. बाहेर जावयाशी बोलताना तो डोळे पुसत म्हणाला, "लई मोठा हात गेला. आता पत्र्याला बीड गाठावं लागंल."

रबियाला राहवलं नाही. ती दारातून म्हणाली, "काका, हात कसा गेला? अम्मा हाय की घरात!"

"व्हय गं लेकरा," बंकट म्हणाला. त्याला ते ठाऊक होतं. सगळ्यांत जास्त त्यालाच ठाऊक होतं. तो जरा घुटमळला. "पन हाक कुनाला मारायची?"

आत जाहेदानं ते ऐकलं. गाड्या येत होत्या, छपरापाशी जरा मंद होत होत्या आणि पुढं जात होत्या. नालबंद वारला, एवढी बातमी वाटेवर पसरली होती. मकसूद बसऱ्याला असताना तो नसूनही नाव जिवंत होतं, म्हणून पडदा चालला. आता नाव नव्हतं, तर हातही नव्हता. जाहेदाला वाटायचं, आपलीच मयत निघाली आणि आपण मागं राहिलो.

इद्दत सरली. रबिया बीडला गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळच्या उन्हात, छपरापुढं एक बैल येऊन उभा राहिला आणि कुणीतरी खोकलं. तो खोकला बंकटचा होता. बैल पाय बदलत होता. दुसरीकडं कुठं ठोकलेल्या पत्र्यांचा आवाज कच्चा येत होता.

बंकट उभाच राहिला. बैल पाडला नाही, दोर सोडला नाही. जाहेदा पडद्याआड ऐरणीपाशी येऊन बसली होती, झाडलोट करायला म्हणून. तो काय म्हणतो हे तिला ऐकायचं होतं. तिनं मनाशी ठरवलं, ह्यानं नुसतं 'भाभी' म्हणू दे. दोन अक्षरं. मग मी उठते, खांदा जावो खड्ड्यात. बैलाचे चारी खूर मी नवे करून देते आणि पैसाही घेत नाही.

बराच वेळ गेला. बंकट पुन्हा खोकला, घसा साफ केला, आणि त्याला दुसरं काही येतच नसल्यासारखी त्यानं हाक दिली.

"मकसूदभाई! ओ मकसूदभाई!"

जाहेदाचा हात हातोडीवर गेला होता. तिनं तो उचलून मांडीवर घेतला. तिला रडू आलं नाही. रागही फार वेळ टिकला नाही, त्यालाही अंगात बळ लागतं. ती बसून राहिली.

बंकट थोडा वेळ थांबला. मग त्यानं जीभ चकचकवली, बैलाचा कासरा ओढला आणि बीडच्या वाटेला लागला. बैल मागचा डावा पाय जपून टाकत होता. आतला खिळा जरा उभा गेला होता, फार नाही, आज काढला असता तर निभावलं असतं. हे तिला नुसत्या आवाजावरून, बसल्या जागी, कळत होतं.